मिटलेल्या दोन पानांवरची यू-पिन

मित्रांनो, मी एक जुनी यू-पिन आहे. कागदाला कागद धरून ठेवणारी, तीन वळणांची साधी तार. माझ्यासारख्या शंभर जणी एका डबीत मावतात, आणि त्यातली एखादी खाली पडली तर उचलायला कुणी वाकत नाही. तरीही एका घरात अकरा वर्षं माझा धाक होता. आणि अकरा वर्षं मी त्या घरात जागची हलू शकले नव्हते.

माझा जन्म कारखान्यातला. यंत्रानं तार ओढली, वाकवली, तोडली, की संपलं माझं बालपण. पहिली नोकरी लागली एका शाळेच्या कचेरीत. रजेचे अर्ज, दाखले, पालकांच्या लांबलचक तक्रारी, सगळं मी धरून ठेवलं. कारकूनबाई म्हणायच्या, "ही पिन घट्ट आहे हं, हिला टाकू नका." त्या कौतुकानं मी अगदी हुरळून गेले होते. पुढे शाळेच्या कागदांचं एक बाड बांधणीसाठी बाइंडरकडे गेलं आणि त्याला लागून मीही गेले.

तिथे माझा सगळा तोरा उतरला. थोरल्या बाइंडरांनी मला पाहताच उपटलं आणि एका पत्र्याच्या डब्यात भिरकावलं. "कागदाला लोखंड लावायचं नाही! गंज पान खातो, वाळवी परवडली," असं ते येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचे. दुकान दोघा भावांचं होतं. थोरले पानं शिवायचे, धाकटे पुठ्ठे चढवायचे आणि दिवसभर एकमेकांची टिंगल चालायची. मग धाकट्यांना छापखान्यात नोकरी मिळाली आणि ते दुकान सोडून गेले. थोरल्यांच्या मनात अढी बसली ती बसलीच.

त्यानंतर वर्षभरानं त्यांची आई आजारी पडली. ती थोरल्यांकडेच राहत होती. धाकट्यांना निरोप पाठवायला हवा होता. आज पाठवू, उद्या पाठवू करत थोरल्यांनी तो पाठवलाच नाही. धाकट्यांना बाहेरून कळलं तेव्हा आई गेली होती आणि तिला माती देऊनही झाली होती.

ते दुकानाच्या दारात आले. "दादा, तू मला आईचं तोंडसुद्धा पाहू दिलं नाहीस," एवढंच म्हणाले.

"ज्याला यायचं असतं तो निरोपाची वाट बघत नाही," थोरले म्हणाले. उत्तर झटकन आलं, पण पुढचा टाका त्यांनी भलत्याच पानाला घातला. तो मी डब्यातून पाहिला. धाकटे पायरी उतरून गेले ते पुन्हा तिकडे फिरकले नाहीत.

मित्रांनो, थोरल्यांच्या घरी रोज सकाळी चहा झाला की प्रार्थना असे. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, पहिल्या पानापासून क्रमानं वाचायचं, रोज थोडं थोडं. मग दोन मिनिटं गप्प बसून मनन. मग ज्याच्या मनाला जे लागलं ते त्यानं एका वाक्यात सांगायचं, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रार्थना. या क्रमात त्यांनी कधी खंड पडू दिला नव्हता. पण भांडणाला महिना होतो न होतो तोच वाचनात भावाबद्दलचं एक पान आलं. थोरल्यांनी पहिली ओळ वाचली आणि पुस्तक मिटून टाकलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डब्यातून मला उचललं, खिशात घालून घरी नेलं आणि समोरासमोरची ती दोन पानं मिटवून वर मला बसवलं.

"अहो, पुस्तकाला लोखंड? तुम्ही?" त्यांची बायको म्हणाली.

"असू दे," ते म्हणाले. त्या विषयावर त्या घरात झालेलं हे शेवटचं बोलणं.

तेव्हापासून मी कोंडले गेले. जाडजूड पुस्तक मिटलं की दोन्ही बाजूंनी पानांचा भार यायचा. अंधार, दमट वास आणि श्वास घ्यायला जागा नाही. गंमत अशी, की मी ज्या मजकुराला डांबलं होतं तो मला कधी दिसलाच नाही. तो आत होता आणि मी पानांच्या पाठीला चिकटलेली. मला कितीदा तरी वाटायचं, सुटावं आणि पळावं. पण घट्ट धरण्याबद्दल माझं कौतुक झालं होतं ना! दर साडेतीन वर्षांनी वाचन फिरून माझ्यापाशी यायचं, थोरले दोन्ही पानं एकदम उलटायचे, बायको उगाच खोकायची आणि माझ्यावर पुन्हा अंधार पडायचा.

अकराव्या वर्षी, मला बसवल्यापासून तिसऱ्यांदा, ते तिथे पोहोचले. पण आता थोरल्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. वाचायचं काम नव्या सूनबाईकडे आलं होतं आणि तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याच आठवड्यात बायकोनं बातमी आणली होती, की धाकटे कायमचे लांब मुलीकडे राहायला निघालेत, शुक्रवारी सकाळच्या गाडीनं.

गुरुवारी सूनबाई माझ्यापाशी अडली. "बाबा, इथे दोन पानं पिनेनं जोडलीत. काढू?"

"नको. पुढचं पान घे."

"पण गंजलीय हो. तांबूस डाग पार खालच्या पानापर्यंत उतरलाय."

थोरले हात पुढे करून म्हणाले, "बघू." त्यांनी अंगठ्यानं मला चाचपलं. उभा जन्म कागदात गेलेला माणूस तो. माझ्याखाली पान किती कुजलंय ते त्यांच्या बोटांना कळलं आणि त्यांचा चेहरा पडला. "ओढू नकोस, फाटेल. माझी हाडाची पट्टी आण."

कागदाला घडी घालायची ती बोथट पट्टी त्यांनी अलगद माझ्याखाली सरकवली. माझं एक वळण कट्‌कन तुटलं आणि मी टेबलावर पडले. पानं मोकळी झाली.

"वाचू?" सूनबाईनं विचारलं. थोरले पट्टी पुसत राहिले.

"वाच गं," बायको म्हणाली.

तेव्हा मी तो मजकूर पहिल्यांदा ऐकला. देवापुढे अर्पण घेऊन आलास आणि तिथे आठवलं की भावाचं मन तू दुखावलं आहेस, तर अर्पण तिथेच ठेव. आधी जाऊन भावाशी मिटव, मग ये. एवढंच होतं. एवढ्यासाठी अकरा वर्षं!

मननाची दोन मिनिटं संपली. बायकोनं आपलं वाक्य सांगितलं, "उद्या सकाळची गाडी आहे त्यांची."

थोरले उठले आणि पायानंच चपला शोधू लागले.

"बाबा, प्रार्थना राहिली ना!"

"राहू दे तशीच. पुस्तक मिटू नका. आल्यावर पुरी करू."

"अहो, धड दिसत नाही, एकटे कुठे निघालात? मी येते."

"हे माझं एकट्याचं काम आहे," ते म्हणाले. तरी सूनबाई त्यांना बसथांब्यापर्यंत सोडून आलीच.

दुपार झाली. पुस्तक उघडंच होतं आणि सासू-सुना जेवायच्या थांबल्या होत्या. मग जिन्यावर दोन माणसांची पावलं वाजली. धाकट्यांनी थोरल्यांचं कोपर धरलं होतं. धाकट्यांचा चेहरा काही हसरा नव्हता.

"वहिनी, माझा राग अजून गेलेला नाही," ते दारातूनच म्हणाले. "पण हा येऊन म्हणतो, चूक माझी होती, आणि मी प्रार्थना अर्धी टाकून आलोय. आता ह्याची अर्धी प्रार्थना डोक्यावर घेऊन मी उद्या गाडीत कसा बसू?"

वहिनींनी खुर्ची पुढे केली. थोरल्यांनी प्रार्थना सुरू केली आणि दुसऱ्याच वाक्याला त्यांना रडू फुटलं. पुढचं धाकट्यांनी म्हटलं, थांबत थांबत, पण शेवटपर्यंत म्हटलं.

मित्रांनो, आता मी एका बशीत तुटून पडले आहे आणि उद्या केरात जाईन. त्याचं मला दुःख नाही. माझी एकच विनंती आहे. मला अर्जांना लावा, पत्रांना लावा, पण जे पान वाचायला जड जातं त्याच्यावर मला बसवू नका. आणि कधीकाळी बसवलंच असेल, तर आजच काढा. मला फक्त धरून ठेवता येतं. सोडायला माणसाचाच हात लागतो.