दीपनगरचा निंबा आणि टेकपाड्याची लाइट

साक्री तालुक्यातल्या टेकपाडे गावच्या शाळेला १९९२ साली पंचवीस वर्षे झाली. नाव कमावलेल्या माजी विद्यार्थ्यांचा सत्कार करायचा आणि त्यांच्या नावांचा फलक शाळेच्या दर्शनी भिंतीवर लावायचा, असे संस्थेने ठरवले. अध्यक्ष गिरधर आबांनी घाई करून फलक आधीच बनवून घेतला. त्यावर दहा ओळी आखलेल्या होत्या. त्या भरण्याचे काम मुख्याध्यापक अभिमन सरांकडे आले.

सरांच्या मनात डॉक्टर, वकील, प्राध्यापक असे काहीतरी होते. शाळेचा एक विद्यार्थी खरोखर डॉक्टर होऊन पुण्यात स्थायिक झाला होता. पण सभेत त्याचे नाव निघताच म्हाताऱ्या कौतिक नानांनी विचारले, "तो आपला काय कामना?" गावाचे माप सोपे होते. ज्याच्या नावावर गावाचे काम होते, तो मोठा. धुळ्यातल्या एका दवाखान्यातला कंपाउंडर मोठा, कारण तो गावाच्या माणसाला बाकावर बसवून ठेवत नसे. बस कंडक्टर सुकदेव त्याहून मोठा, कारण फाट्यावर थांबा नसताना त्याची बस थांबत असे. आणि सगळ्यांत मोठा निंबा, कारण गावाची लाइट त्याच्या हातात होती.

ही समजूत अशी झाली. निंबा आठ वर्षांपूर्वी भुसावळजवळच्या दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरीला लागला. त्याच्या आईने, भिकुबाईने, ओट्यावर बसून लेकाबद्दल सांगितले, "मना आंडोर लाइटना कारखानामा शे." यात एकही शब्द खोटा नव्हता. पण त्यानंतर लाइट गेली की बाया भिकुबाईच्या ओट्यासमोर येऊन उभ्या राहू लागल्या. "अक्का, तुना निंबाले सांग ना वं!" भिकुबाई म्हणे, "सांगसू." लाइट जशी जाते तशी येतेही. ती आली की कुणी ताक पाठवी, कुणी नवे कांदे. भिकुबाईने तक्रार आणि ताक दोन्ही सारख्याच गंभीरपणे स्वीकारले.

त्रास झाला तो निंबाला. तो घरी आला की जेवणाच्या ताटावर बसेपर्यंत ओटा भरलेला असे. कुणाची मोटर जळलेली, कुणाला नवीन खांब हवा. भिकुबाईच त्याला ताटावरून उठवी. "ऊठ भाऊ, लोके उनात." आपले काम वेगळे आहे, हे त्याने पहिली दोन वर्षे समजावून पाहिले. लोक कौतुकाने एकमेकांकडे बघत. इतका मोठा माणूस, पण बोलण्यात गर्व नाही, असे म्हणत. शेवटी त्याने सणाला येणे बंद केले. आईच्या हातचे मांडे त्याने सहा आखाजींना, म्हणजे अक्षय्य तृतीयांना, खाल्ले नव्हते.

सत्कार आखाजीच्या आदल्या संध्याकाळी ठेवला होता. बायको मुलांना घेऊन माहेरी गेली होती. निंबाने ठरवले, जायचे, माईकवर सगळ्यांसमोर एकदाच खरे सांगायचे, आणि दुसऱ्या दिवशी ताटावरून न उठता मांडे खायचे.

दुपारी तो सरांना भेटला.

"सर, माझं नाव काढा फलकावरून."

"नऊ नावं आणि एक रिकामी ओळ? आबा मला शाळेतून काढतील."

"मग हुद्दा तरी खरा लिहा. लोक मला इंजिनियर समजतात."

"आणि तू कोण आहेस?"

"कोळशाचा पट्टा सांभाळतो. पट्ट्यावरून कोळसा आत जातो. पट्टा अडला की चालू करायचा, एवढंच काम."

सरांनी थोडा विचार केला. "तू आधी माईकवर सांग. मग मी लिहितो." पेंटरने निंबाच्या नावापुढची जागा कोरी सोडली.

बेत कळल्यावर भिकुबाई हातातले पुरण तसेच ठेवून बाहेर आली.

"तू बठ्ठा गावले सांगशी?"

"हो आई."

"मंग माले ताक कोन दी?"



संध्याकाळी शाळेच्या पटांगणात बल्बांच्या माळा लावल्या होत्या. धुळ्याहून शिक्षणाधिकारी आले होते. सुकदेव कंडक्टर ड्युटीवर असल्यामुळे बससह आला होता. धुळ्याकडे जाणारी ती बस शाळेच्या फाटकाशी उभी होती आणि आतले प्रवासी खिडक्यांतून कार्यक्रम पाहत होते. सुकदेवला टॉवेल-टोपी मिळाली तेव्हा त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

मग निंबाचे नाव पुकारले. गिरधर आबांनी त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी ठेवली आणि माईककडे वळून म्हणाले, "ज्याच्यामुळे आपल्या गावात उजेड आहे—"

लाइट गेली.

अंधारातून शेपाचशे माणसांचा एकच आवाज आला, "निंबाभाऊ!"

माईक बंद होता. निंबाने ओरडून सांगायला सुरुवात केली. "ऐका! मी इंजिनियर नाही. मला लाइट सोडता येत नाही, घालवता येत नाही. मी कोळशाच्या पट्ट्यावर कामाला आहे. बस!"

निंबाला वाटले, सुटलो. तेवढ्यात पुढच्या रांगेतून कौतिक नानांचा आवाज आला.

"कोयसा जयस, तवय लाइट व्हस ना?"

"हो नाना."

"पट्टा बंद पडना, तं कोन चालू करस?"

"मी. म्हणजे, आम्ही."

"आनि आज तू आठे शे."

निंबाला काय होते आहे ते कळले, पण उशिरा. निंबा इथे, मग तिथे पट्टा कोण चालू करणार, अशी कुजबुज पटांगणात पसरत गेली. शिक्षणाधिकाऱ्यांनीही मान डोलावली, असे पुढच्या रांगेतले लोक नंतर सांगत. अंधार असल्याने याला दुसरा आधार नाही.

"अहो, माझ्या जागी दुसरा माणूस आहे तिथं!" निंबा म्हणाला.

"तो आपला गावना शे का?"

"नाही. वरणगावचा आहे."

"मंग तो काबर आपला गावसाठे पट्टा चालू करी?"

यावर कुणालाही शंका राहिली नाही. आठ वर्षांचे कोडे एका मिनिटात सुटले होते. लाइट मधूनमधून का जाते? निंबाची सुट्टी असते म्हणून. गिरधर आबांनी अध्यक्ष या नात्याने निर्णय दिला. "सुकदेव, बस काढ. निंबाले लगेच पोचाड."

"आबा, उद्या आखाजी आहे!"

"बठ्ठा गावनी आखाजी शे, भाऊ. तुनी एकल्यानी नही."

टॉवेल-टोपीसह निंबाला बसमध्ये चढवले गेले. एका प्रवाशाने उठून त्याला खिडकीची जागा दिली. सुकदेवने घंटी मारली. बस फाट्यावर पोचली, आणि मागे शाळेच्या माळा भक्कन पेटल्या. टाळ्यांचा आवाज बसपर्यंत आला.

"पाहिलं?" सुकदेव म्हणाला. "तू नुसता निघालास तरी वरणगाववाला घाबरला."

निंबाने टोपी काढून मांडीवर ठेवली.

अभिमन सरांनी शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी फलकावर निंबाच्या नावापुढे पेंटरने लिहिले, "कोळशाचा पट्टा, दीपनगर." दहा ओळींत याच ओळीसमोर लोक सर्वांत जास्त वेळ थांबले.

त्याच सकाळी भिकुबाईने फडक्यात मांडे बांधले. फाट्यावर तिला पोचवायला अर्धी आळी आली. कुणी आमरसाचा डबा दिला, कुणी लोणचे. निंबा निघाल्यापासून लाइट एकदाही गेली नव्हती. "अक्का, त्याले आठे बलावू नको हां," बाया म्हणाल्या. "तूच तथा जात जाय."

धुळ्याला आणि भुसावळला बस बदलून ती दुपारी दीपनगरच्या कॉलनीत पोचली. निंबा पाळीवरून नुकताच आला होता. तिने ताट वाढले. गार झाले होते, तरी मांडे मऊ होते. त्याने पहिला घास आमरसात बुडवला आणि पंखा थांबला. इमारतीचा फ्यूज गेला होता.

दार वाजले. शेजारचे दोघेतिघे बाहेर उभे होते. निंबा सवयीने उठू लागला. भिकुबाईने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवले आणि स्वतः दारात गेली.

"थांबा थोडंसं, जेवण होऊ द्या," ती म्हणाली. "मना आंडोर जेवी ऱ्हायना."