बुडाखालचं नाव

मी टोप बोलतोय. पितळेचा, दोन कड्यांचा, पंचवीस माणसांचं कालवण सहज शिजवणारा. एरवी माझा आवाज खणखणीत, पण गेल्या आठवड्यापासून तो भीतीने बसलाय.

मरणाची भीती नाही असं म्हटलं तर खोटं होईल. आम्हाला भट्टीत आटवतात. पण माझ्या बुडाखाली एक नाव कोरलेलं होतं, आणि ते जिचं होतं तीच मला मोडीत काढायला निघाली होती. ही भीती जास्त मोठी होती.

जनी कळव्याची कोळीण. लग्नात माहेरून तिच्याबरोबर मी आलो आणि एक परात आली. घर सासऱ्याचं, होडी नवऱ्याची. आपलं म्हणावं असं तिच्याकडे आम्ही दोघंच, म्हणून ती आम्हाला डोळ्यांत तेल घालून जपायची.

सून वर्षाली आली ती रत्नागिरीकडची, वागळे इस्टेटमध्ये नोकरी करणारी. एकदा घरच्या जेवणावळीला तिने माझ्यात कालवण करपवलं. जनी पाहुण्यांसमोर ओरडली, "माजे टोपाला परत हात लावाचा नाय!"

वर्षालीने तो शब्द धरून ठेवला. सात वर्षं तिने मला बोट लावलं नाही. मी वाटेत असलो तर वळसा घालून जायची. असल्या गप्प बायकांची मला फार धास्ती वाटते. भांडल्या तर निदान कळतं तरी.

जनीला पस्तावा झाला होता, मला माहीत आहे. मला घासताना ती पुटपुटायची. पण माफी मागणं तिच्या जिभेला कधी जमलं नाही. एका दुपारी ती आम्हा दोघांना घेऊन बाजारात नाव घालणाऱ्याकडे गेली.

"काठावर घालू ना मावशी?"

"नको रं, बुडाखाली घाल. मी हाय तवर कोनाला दिसाला नको. मेल्यावर बघतील."

मशीन कर्रकर्र फिरलं, मी दातओठ आवळून सोसलं. माझ्यावर आलं, 'सौ. जनीकडून वर्षालीस'. परातीवर डोंबिवलीला दिलेल्या लेकीचं, दक्षताचं नाव. झालं जनीचं मृत्युपत्र. त्यानंतर तिने मला चुलीवर चढवलं नाही.

कुणाला सांगायच्या आतच तिला लकवा झाला. वाचा गेली, उजवा हात तेवढा हलायचा. आम्हाला ठेवलेल्या फळीकडे बघत ती तो हात पालथा करायची, उताणा करायची, पुन्हा पालथा. घरच्यांना वाटायचं तिला कूस बदलायची आहे. मग वर्षालीच तिला वळवायची, दिवसातून दहादा, न कुरकुरता. जनीच्या डोळ्यांतून पाणी यायचं.

मी फळीवरून सगळं बघत होतो. भांडं पडल्याशिवाय बोलत नाही. मला फक्त पडायचं होतं. पण पोचा येईल, कडी तुटेल, या भीतीने मी जागचा हललो नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

जनी गेली. तिच्या बाराव्याचा भात माझ्यातच शिजला, अंगणात लाकडांवर. नंतर मला आतून लख्ख घासलं. बुडाची काजळी काढायला कुणाला वेळ? तिच्याखाली नाव बुजलं आणि मी माळ्यावर गेलो.

गेल्या आठवड्यात वर्षालीने माळा रिकामा करायला घेतला. परवा परात गेली. आज माझा नंबर. तिचा नवरा प्रणित म्हणाला, "अगं, आईचा टोप आहे तो."

"आईंचा आहे म्हणूनच. मी हात लावायचा नाही ना त्याला? मग घरात कशाला हवाय?" असं म्हणून तिने मला फडक्यात धरून उचललं.

दुकानात जुनी भांडी घेणाऱ्या शिवरामने मला उलटं केलं आणि कानस काढली. पितळ खरं की नाही, हे तो बूड खरवडून बघतो. पहिल्याच फटक्यात 'सौ.' अर्धा गेला. आता पुढची अक्षरं!

"थांबा ताई, खाली नाव दिसतंय." त्याने ओल्या फडक्याने काजळी पुसली. "जनीकडून वर्षालीस. कोण ओ ही वर्षाली?"

तिने आपला उजवा हात समोर धरला. पालथा केला, उताणा केला, पुन्हा पालथा.

"कूस नव्हती हो बदलायची त्यांना," ती म्हणाली. आणि एकदम शिवरामकडे वळली. "परवाची परात कुठाय? तिच्याही बुडाखाली नाव असणार!"

"ती नुसती तोलून घेतली, उलटी केलीच नाही. काल वागळे इस्टेटच्या गोदामात गेली. चारला तिथून भट्टीची गाडी सुटते."

आता आम्ही रिक्षात आहोत. साडेतीन वाजलेत आणि खाडीपुलावर गाड्या मुंगीच्या पावलाने सरकताहेत. वर्षालीने मला मांडीवर पालथं धरलंय, उघड्या हातांनी. तिचं बोट त्या अक्षरांवरून हलत नाही. परात मात्र कुठल्या ढिगात असेल देव जाणे, आणि दक्षताला अजून काहीच माहीत नाही.

तुमच्या माळ्यावरही एखादं काळ्या बुडाचं भांडं असेल. ते पडणार नाही, आम्ही भित्रे असतो. द्यायच्या आधी तुम्हीच ते एकदा उलटं करा.

"ताई, टोप उलटा धरलाय तुम्ही," रिक्षावाला म्हणाला.

"असू दे. दादा, तुम्ही जरा लवकर चला."