बोर्डाला पांघरूण

तंत्रशाळेच्या मुख्याध्यापकांचं पत्र येऊन बरेच महिने झाले होते आणि मी उत्तर दिलं नव्हतं. मोजमापाची यंत्रं दुरुस्त कशी करायची हे आमच्या मुलांना आठवड्यातून एकदा शिकवाल का, एवढंच त्यांनी विचारलं होतं. या विषयावरची कपाटभर पुस्तकं मी वाचली आहेत. पण चार माणसांपुढे उभा राहिलो की जीभ टाळूला चिकटते. साधं ‘नाही’ लिहायचाही धीर होत नव्हता.

“उत्तर टाका एकदाचं,” बायको म्हणायची. “बिघडलेल्या सर्किट बोर्डांशी दिवसभर गप्पा, आणि माणूस दिसला की तोंडाला कुलूप!”

तिचं खोटं नव्हतं. घरातल्या वर्कशॉपमध्ये दुरुस्ती करताना मी पुटपुटतो. काय रे बाबा, कुठे दुखतंय, असं काहीबाही. समोरच्या टेबलाशी आमची सून बसते. लग्न होऊन आली तेव्हा तिने सोल्डरिंग गन हातातही धरली नव्हती. पुढे ती आपणहून कामाला बसू लागली. मी तिला समोर बसवून कधी काही शिकवलं नाही. ते आपल्याला येतच नाही, अशी माझी खात्री होती.

एकदा एका कारखान्यातून ऑसिलोस्कोप दुरुस्तीला आला. विजेचे चढउतार पडद्यावर रेघेने दाखवणारं यंत्र. सुरू केलं की रेघ मधोमध, शहाण्यासारखी. यंत्र तापलं की वर सरकत सरकत पडद्याबाहेर. झाकण काढून बोर्ड उघडा केला की दुखणं गायब, झाकण लावलं की पुन्हा तेच. व्होल्टेज सगळीकडे बरोबर. संशयावरून एक आयसी चिप बदलली, तीही फुकट गेली. आता आपलं वय झालं, असं मनाने घेतलं.

“बाबा, मी बघू?” सून म्हणाली.

“बघ,” म्हणून मी पुस्तकात डोकं घातलं. वाचत मात्र नव्हतो.

तिने झाकण काढलं आणि उघड्या बोर्डावर पुठ्ठ्याचं खोकं उपडं ठेवलं. त्याला हात जाईल एवढं भोक पाडलं होतं. “चारचौघांत लाजतोस होय? घे, पांघरूण घे.”

“कुणाशी बोलतेस गं?” दारातून बायकोने विचारलं.

“बोर्डाशी, आई.”

“झालं! एक होते ते कमी होते का!”

आतली ऊब वाढली तशी रेघ वर निघाली. सुनेने भोकातून लाकडी काडी घातली आणि एकेक भाग हलकेच दाबू लागली. “इथे दुखतं? नाही. इथे? उगाच ओरडू नकोस हं.” काडी एका कनेक्टरच्या पायावर टेकली आणि रेघ धपकन मधोमध आली.

भिंगाखाली त्या पायाभोवतीच्या सोल्डरला केसाएवढी गोल चीर दिसली. तापलं की उघडायची, गार झालं की मिटायची. तिने जुनं सोल्डर काढून नवा डाग दिला, झाकण लावलं. जेवणं उरकली तरी रेघ जागची हलली नाही.

“खोक्याचं कुठे वाचलंस?” मी विचारलं.

“वाचलं कुठे! मागे एका मीटरवर रुमाल टाकून तुम्हीच म्हणाला होता, हा लाजाळू आहे, पांघरूण घालून विचारायला हवं.”

“मी?”

“तुम्हीच की. तुम्ही बोर्डांना सांगायचा, मी ऐकायचे. मला सगळं तसंच आलं, बाबा.”

मला काही आठवेना. पण छाती अशी फुगली की शर्टाचं बटण तुटतंय असं वाटलं. अभिमान सुनेचा, हे तर उघडच आहे. थोडा स्वतःचाही होता, हे लिहिताना अजून संकोच वाटतो.

बरेच कागद फाडल्यावर उत्तर झालं. ‘येतो. भाषण जमणार नाही. टेबलावर एक बिघडलेला बोर्ड ठेवावा. मी त्याच्याशी बोलेन, मुलांनी जवळ बसून ऐकावं. सून सोबत येईल. माझं पुटपुटणं कळलं नाही तर ती सांगेल.’

टपालपेटीच्या तोंडाशी पाकीट धरून मी जरा घुटमळलो. “काय रे बाबा, जातोस ना?” असं हळूच विचारलं आणि सोडून दिलं.