इतर उत्पन्न वजा जाता

आमच्या घरात जमीन विकलेल्या वर्षाला 'पिकलं' म्हणतात. दोन हजार चारला पिकलं, तेव्हा घरावर स्लॅब टाकला. दोन हजार नऊला पिकलं, तेव्हा माझ्या भावाला, दीपेशला, मोटारसायकल आली. माझं एम.कॉम. साडेतीन गुंठ्यांचं आहे. विरार पूर्वेला खाडीच्या अंगाला आमचं गाव, आणि गावात सगळेच असं बोलतात, त्यामुळे मला ते कधी खटकलं नाही. शिकून सवरूनही खटकलं नाही, याची आज लाज वाटते.

मी मनवेलपाड्यात आलोशियस सरांच्या ऑफिसात काम करते. सर शेअर दलाल. गिऱ्हाईक येतं, अमुक शेअर घेऊ का विचारतं, आणि मी त्याला कागदावर चार आकडे काढून देते. गावात याचं फार कौतुक. धर्माची हेमांगी शेअर महाग की स्वस्त ते पाच मिनिटांत सांगते, असं बाबा स्वतःच सांगत फिरायचे.

म्हणून त्यांनी मला सुरम्य इलेक्ट्रॉनिक्सबद्दल विचारलं. टीव्ही, मिक्सर, स्पीकर बनवणारी कंपनी. आमच्या फळीवर तिचाच मिक्सर आहे. बाबांना कुणीतरी सांगितलं होतं की शेअर पडलाय, आत्ताच घ्यावा.

मी काढून दाखवलं. शेअरचा भाव दोनशे सत्तर. वर्षभरात एका शेअरमागे कंपनीला झालेला नफा तीस रुपये. भावाला नफ्याने भागलं की नऊ. यालाच पीई म्हणतात. एक रुपया नफ्यासाठी आपण नऊ रुपये मोजतोय. याच धंद्यातल्या बाकीच्या कंपन्यांना लोक चाळीस-पंचेचाळीस मोजत होते. कंपनीच्या वहीतल्या मालमत्तेच्या, म्हणजे पुस्तकी किमतीच्या, तुलनेतही शेअर महाग नव्हता, सव्वापटीच्या आतच.

"म्हंजे स्वस्त?" बाबांनी विचारलं.

"खूपच स्वस्त," मी ऑफिसातल्या आवाजात म्हणाले. मी स्वतः चाळीस शेअर घेतले होते, त्यामुळे आवाजाला जोर होता.

त्या एका शब्दावर बाबांनी भूपेश बिल्डरशी बोलणी पक्की करून बयाणाही घेतला. शेवटचे अकरा गुंठे, अठ्ठ्याऐंशी लाख. त्यातले साठ लाख सुरम्यमध्ये टाकायचे. सही सोमवारी. बाबांच्या मनात वाईट काही नव्हतं. आयचे गुडघे गेलेत, तिने आता बसून खावं, असं ते म्हणत होते. ते अकरा गुंठे म्हणजे आयचा मळा. माठ, मेथी, चवळी, कडेला मोगऱ्याच्या दोन ओळी. सातबारा बाबांच्या नावावर, त्यामुळे आयला कोणी विचारलं नाही. मीही नाही.

रविवारी दुपारी आय ओट्यावर माठाच्या जुड्या बांधत बसली होती. मी मदतीला बसले होते. माझ्या जुड्या सैल होतात, आय त्या सोडून पुन्हा बांधते, तरी बसले होते.

"त्या कंपनीचा नफा कवरा वाढला सांगतेस?" तिने विचारलं.

"गेल्या वर्षीपेक्षा सातपट."

"आनि मिक्सर? सातपट इकले काय?"

"नाही. विक्री थोडी कमीच झालीय."

"मना वाटलंच. आपल्या मिक्सरचा जार चार महिने झाला मिलत नाय. दुकानवाला सांगतो, कंपनीशीच माल येत नाय." तिने सुतळीची गाठ दाताने आवळली. "मंग तिनं पन जमीनच इकली असल."

मी हसले. आयची ही सवय आहे, तोंड न हलवता चिमटा काढायची. हसता हसता थांबले, कारण उत्तर मला ठाऊक नव्हतं.

कंपनीचा वार्षिक अहवाल माझ्या फोनमध्ये होता. पहिली चार पानं सोडून मी तो वाचला नव्हता. हात पुसून बसले आणि शेवटच्या टिपांपर्यंत गेले. 'इतर उत्पन्न' या ओळीवरून माझी नजर आधी सरळ घसरली होती. कंपनीने जुन्या कारखान्याची जागा विकली होती. तीस रुपयांतले सव्वीस त्या जागेचे. टीव्ही-मिक्सर विकून मिळालेले फक्त चार.

दोनशे सत्तर भागिले चार. साडेसदुसष्ट.

बाकीच्या कंपन्यांपेक्षाही महाग. चाळीस शेअरचं मला काही वाटलं नाही. सकाळी सही झाली असती, मंगळवारी पैसे गेले असते, आणि ते मी घालवले असते. ऑफिसातल्या दुसऱ्या कुणी ती ओळ सोडली नसती. मी सोडली, कारण आमच्या घरात जमिनीच्या पैशाला पीक म्हणायची सवय मी लहानपणापासून ऐकली होती.

पाचच्या सुमारास बाबा इस्त्रीचा शर्ट घेऊन आले. उद्यासाठी. मी त्यांना उभ्या उभ्याच सांगितलं.

"तू तर नव बोललीस."

"चुकलं माझं, बाबा."

"मंग पगार कशाचा घेतेस तितं बसून?"

हे मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. बाबांनी शर्ट खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि ते पाणी प्यायले. मग म्हणाले, "माजा काढ."

"काय?"

"त्या कंपनीचा काढलास, तसा माजा काढ. इतर वजा करून."

मी वही घेतली. बाबांना सगळं तोंडपाठ होतं. कोणत्या वर्षी किती गुंठे, काय भावाने, आणि त्याचं काय आलं. स्लॅब. मोटारसायकल. ताईचं लग्न. माझी फी. काकांचं ऑपरेशन. गाडी घेतली आणि विकली. एकवीस वर्षांत एक कोटी सहा लाख. ते सगळं मी एका ओळीत लिहिलं आणि वर लिहिलं, इतर.

वजा केल्यावर बाबांची वीटभट्टीवरची दोन वर्षांची मुकादमी उरली. आणि आयची भाजी. बी-बियाणं, खत, विरारच्या बाजारापर्यंत रिक्षा, हे जाऊन वर्षाला नव्वद हजार. एकवीस वर्षं न चुकता.

"मंग मी काय कमवला?" बाबांनी विचारलं.

काहीतरी बरं बोलता आलं असतं. घर उभं केलंत, आम्हाला शिकवलंत. खोटंही नव्हतं ते. पण वही समोर होती. बाबांचा चेहरा इतका म्हातारा मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि मला रडू आलं.

डोळे पुसून मी राहिलेलं कामही केलं, कारण अर्धा हिशेब दाखवून आधीच एकदा चुकले होते. "मळ्याचाही पीई निघतो, बाबा. भूपेश देतोय अठ्ठ्याऐंशी लाख, कमाई नव्वद हजार. अठ्ठ्याण्णव येतो."

"म्हंजे महाग?"

"फारच. नियमाने असं असेल तर विकावं. पैसे बँकेत ठेवले तरी व्याज भाजीपेक्षा कितीतरी जास्त येईल."

मला हे बोलायचं नव्हतं, पण खरं होतं. बाबांच्या तोंडावर जरा रंग आला. "मंग सही करू ना? शेअर नको, बँक."

आयने जुड्यांची टोपली बाजूला सरकवली.

"त्या नव्वदात माजी मजुरी धरलीस?"

मी वहीकडे बघितलं. बियाणं धरलं होतं, खत धरलं होतं, रिक्षा धरली होती.

"नाही, आय."

"बाई लावली तर रोजाला चारशे मागते. तीनशे दिवस धर."

एक लाख वीस हजार. नव्वदातून वजा केले तर मळा वर्षाला तीस हजारांनी तोट्यात.

"आता कवरा आला तो तुजा आकडा?"

"येत नाही. तोटा असला की पीई काढत नाहीत. तिथे नुसती रेघ मारतात."

"मार मंग."

मी अठ्ठ्याण्णव खोडला आणि तिथे आडवी रेघ मारली. आमचं घर एकवीस वर्षं ज्याला कमाई समजत होतं, ती एका बाईची न दिलेली मजुरी होती, आणि ते शोधून काढायला माझं एम.कॉम. कामाला आलं नव्हतं.

"गुडघे माजे गेले, ते तुमाला दिसला," आय बाबांकडे बघत म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मना बसून खायला घालायचा, ते तुमी ठरवला. पन मना कदी कोनी इचारला नाय. स्लॅबच्या टायमाला नाय, गाडीच्या टायमाला नाय, आता पन नाय."

बाबांनी खुर्चीवरचा शर्ट उचलून मांडीवर घेतला. मग म्हणाले, "बरा, आज इचारतो. इकू का?"

"आधी माज्या नावावर करा. मंग मी सांगन."

सोमवारी बाबांनी तोच इस्त्रीचा शर्ट घातला, भूपेशचा बयाणा त्याच्या हातात परत दिला आणि वकिलाकडे बक्षीसपत्राचे कागद टाकले. महिन्याभराने नोंदणी कचेरीत आयचा अंगठा आणि फोटो झाला. फोटोत तिने डोळे मिटलेत.

विकायचं की नाही ते तिने अजून सांगितलेलं नाही. माझे चाळीस शेअर मीही विकले नाहीत. आता ते दोनशे रुपयांवर आहेत. रोज सकाळी ऑफिसात पहिला तोच भाव बघते.

गेल्या आठवड्यात भूपेश पुन्हा आला, पंच्याण्णव लाख घेऊन. बाबा मळ्यात पाणी लावत होते. हल्ली पाणी तेच लावतात, आयने सांगितलंय म्हणून. भूपेशने बांधावरूनच आकडा सांगितला आणि फाईल उघडली. बाबांनी पायाने माती सारून पाणी पुढच्या वाफ्यात सोडलं. मग हाताने मोगऱ्याकडे दाखवलं, जिथे आय वाकून फुलं खुडत होती.

"मना नको सांगू," बाबा म्हणाले. "मालकीन तिकरं हाय. तिला इचार."