मेलेसेतेबाईंनी खोडलेलं पुस्तक

उपोलू बेटावरच्या आमच्या शाळेत शिक्षकांनी वाचायची चार पुस्तकं दरवर्षी मागवली जातात. सव्वीस वर्षं ही निवड मेलेसेतेबाई करत आल्या. यंदा मुख्याध्यापक तुआलासरांनी ते काम योआना या तरुण शिक्षिकेला दिलं. तिला नोकरीला लागून जेमतेम दोन वर्षं झालेली! बाईंच्या अंगाचा अगदी तिळपापड झाला. मधल्या सुट्टीत पोरं तिच्याभोवती गोळा होतात, हे तर त्यांना आधीच सलत होतं.

बुधवारी शिक्षकांच्या बैठकीत योआनानं यादी पुढे ठेवली. तिसरं पुस्तक होतं मुलांना न मारता वर्ग कसा सांभाळावा, याचं.

"अगोबाई!" बाई कडाडल्या. "आम्ही मार खाऊन वाया गेलो वाटतं? कालची पोर, मला शिकवायला निघाली!"

"तसं नाही, बाई, मी फक्त..."

"मोठी माणसं बोलताना मध्ये तोंड घालू नये. आईनं एवढंही शिकवलं नाही?"

वडीलधाऱ्यांना उलटून बोलायचं नाही, ही आमची रीत. मोठी गोड रीत! तिच्याच आडोशानं आमच्या पोरांच्या पोटऱ्यांवर माडाच्या हिरांचा खराटा चालतो. बाईंनी पेन उचललं, पुस्तक खोडलं. तुआलासर खिडकीबाहेर बघत बसले. त्यांनाही मी माफ केलेलं नाही.

तेवढ्यानं बाईंचं समाधान होईना. पोरं आपल्यालाही बिलगतात, हे योआनाला दाखवायचंच होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून डबाभर गरम पानिकेके, म्हणजे पिठाचे गोड गोळे, तळून आणले. व्हरांड्यात योआना उभी असतानाच त्यांनी आपल्या वर्गातल्या लेउताला हाक मारली.

"ये गं बाळ, खा."

सहा वर्षांच्या लेउतानं गोळ्याचा एक घास घेतला. तिचे केस डोळ्यांवर आले होते. ते सारायला बाईंनी हात उचलला.

पोरीच्या हातातला उरलेला गोळा खाली पडला. दोन्ही हातांनी डोकं झाकून ती भिंतीला चिकटली.

"बाई, मी काही नाही केलं! खरंच नाही केलं!"

"अगं, केस... केसच सारत होते मी."

लेउता हात काढेना. शेवटी योआना जवळ बसली, तेव्हा कुठे ती तिच्या कुशीत शिरली. बाई डबा घेऊन तशाच उभ्या राहिल्या. त्या कुशीचा त्यांना इतका हेवा वाटला, की डोळे भरून आले.

मग त्या तडक तुआलासरांकडे गेल्या.

"ते खोडलेलं पुस्तक मागवा."

"बरं. योआनाला सांगतो."

"तिला नंतर द्या," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "आधी मला हवंय."