हैबतरावांची जागा

लढाई संपल्यानंतरच्या पहिल्या थंडीत मी हैबतराव झाले. हैबतराव म्हणजे आमच्या मालकांचा मुलगा. तो त्याच लढाईत नदीच्या उतारावर, पाणी उथळ असतं तिथे, गोळी लागून मेला होता. मी त्यांच्या घरची दावणीची बाई. नाव धुरपा.

आमच्या खोऱ्यात आम्हाला दावणीचे म्हणत. गुरांसारखं आम्हाला विकता येई, मुलीच्या लग्नात आंदण म्हणून देता येई. लढाई त्यावरूनच पेटली. वरच्या प्रांताला दावण तोडायची होती, खालच्याला राखायची होती. वरचे जिंकले. माझा नवरा सटवा नदीपलीकडच्या मालकाचा. तो पळून वरच्यांच्या फौजेत शिरला होता. एक पाय अधू करून घेऊन परत आला, आणि आल्या आल्या आमच्या झोपडीला दार लावलं. आधी आम्हाला दार लावायची परवानगी नव्हती.

मग समेटाचा कायदा आला. ज्या घरातलं माणूस लढाईत गेलं त्या घराला मोकळ्या झालेल्यांपैकी एक माणूस द्यायचं. दिलेलं माणूस त्या मेलेल्याचं होणार. त्याचं रान, त्याचं मत, पंचायतीतली त्याची खुर्ची, सगळं. मेलेल्यांच्या घरचा राग जाईल आणि मोकळ्यांना जमीन मिळेल, असं राजधानीतल्या लोकांनी ठरवलं होतं.

समेटाचे साहेब घोड्यावरून आले. आम्हाला मैदानात बसवलं. साहेब एकेका मेलेल्याचं नाव घेत आणि कुणीतरी हात वर करी. आमच्यातला गणू पाटलाचा मेलेला थोरला मुलगा झाला. हैबतरावांचं नाव आलं तेव्हा कुणी हात वर केला नाही. त्याच्या आईला सगळे ओळखत होते.

"जा," सटवा माझ्या कानाशी म्हणाला. "नदीकाठचं रान त्याच्या नावावर हाय. गोजीला रान पायजे."

गोजी आमची मुलगी. ती माझ्या मांडीवर बसून माती खात होती. मी हात वर केला.

"बाई चालेल का?" मागून कुणीतरी विचारलं.

"कायद्यात माणूस म्हटलंय," साहेब म्हणाले.

हैबतरावांची आई, आमच्या बाईसाहेब, वाड्याच्या दारातच उभ्या होत्या. मी सवयीने मागच्या दाराकडे वळले.

"हैबत, तिकडे कुठे?" त्या म्हणाल्या. "हातपाय धू. पान वाढलंय."

मी पाटावर बसले. त्यांनी स्वतः वाढलं. मी भात डाव्या बाजूने खायला घेतला तसा त्यांनी माझा हात धरून उजवीकडे नेला. त्यांच्या हाताला कापूस आणि तुपाचा वास येत होता. इतकी वर्षं त्या घरात राबून मला तो वास माहीत नव्हता.

सकाळी उठले तेव्हा मला मिशी आली होती. दोनचार दिवसांत माजघराच्या चौकटीला डोकं लागायला लागलं. पाठीवरचे वळ पुसले गेले. आवाज जाड झाला. मी मनात "आले" म्हणे आणि तोंडातून "आलो" बाहेर पडे. बाईसाहेब रोज सकाळी मला खिडकीच्या उजेडात उभं करून बघत. अजून काय राहिलंय ते बघत. चेहरा तेवढा माझा होता.

पहिल्या वर्षी पुष्कळ कामं झाली. पंचायतीत आम्ही सहाजण मेलेल्यांच्या खुर्च्यांवर होतो आणि वरच्यांचे शिपाई दाराशी होते. मी हात वर केला आणि मोकळ्यांच्या पोरांसाठी शाळा निघाली. गणूने हात वर केला आणि वरच्या आळीतला पाणवठा सगळ्यांना खुला झाला. मी आठवड्याच्या बाजारी झोपडीवर जाई. सटवा माझ्या मिशीला हसे. गोजीला "ग" काढता यायला लागला होता. तो तिने भिंतीवर, मडक्यावर आणि माझ्या हैबतरावी कोटाच्या पाठीवर कोळशाने काढला.

मग शिपाई परत गेले. राजधानीतल्या लोकांना या सगळ्याचा कंटाळा आला होता म्हणे.

त्यानंतरच्या बैठकीत मी शाळेच्या छपराचं बोलायला उठले. बोलले ते असं: "शाळेत जाणाऱ्या पोरांमुळे रानात हात कमी पडतात." तो हैबतरावचा आवाज होता आणि वाक्यही त्याचंच असावं. मी गणूकडे पाहिलं. गणूने मान डोलावली. त्याची हनुवटी पाटलासारखी पुढे आली होती. शाळा बंद करण्याच्या बाजूने सगळे हात वर गेले. माझाही गेला. तो खाली ओढायला मी दुसरा हात लावला, तर दुसराही वर गेला.

बाजारच्या दिवशी मी झोपडीकडे निघाले की पाय नदीकाठच्या रानाकडे वळत. ते माझं रान होतं. तिथे मोकळे झालेलेच लोक राबत होते, आणि बांधावरून जाताना माझी मान ताठ होई.

साहेब पाहणीला आले. बाईसाहेबांनी त्यांना माडीवर बसवून पोहे दिले.

"काही तक्रार?" त्यांनी मला विचारलं.

मी सगळं सांगायचं ठरवलं होतं. रात्रभर शब्द जुळवले होते.

"काही नाही," मी म्हणालो. "समेट झाला."

साहेबांना बरं वाटलं. ते पुन्हा आले नाहीत. त्याच आठवड्यात माझा चेहरा बदलला. बाईसाहेबांनी मला उजेडात उभं केलं, बराच वेळ पाहिलं आणि त्या पहिल्यांदाच रडल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी सटवा आला. गोजीला खांद्यावर घेऊन तो पुढच्या दाराशी उभा राहिला. मी ओसरीवर सुपारी कातरत बसले होते.

"धुरपे, चल घरी," तो म्हणाला. "रान नको. पोरगी तुला इच्यारती." मी मान वर केली. तो बोलायचा थांबला. त्याने गोजीला खाली ठेवलं.

"ह्यो चेहरा म्या पाह्यलाय," तो हळू म्हणाला. "उतारावर. पाण्यात उभा हुता. माज्या बंदुकीम्होरं. कुणाचा कोण, म्हाईत नवतं मला."

मला त्याचं तोंड दाबायचं होतं. पळ म्हणायचं होतं. बाईसाहेब आतून बाहेर आल्या.

"हैबत, कोण आहे?"

मी दात आवळले. जीभ चावली, तोंडात रक्त आलं. पण हैबतरावालाही तो चेहरा ठाऊक होता. त्याने शेवटचा पाहिलेला चेहरा तोच.

"आई," माझं तोंड म्हणालं, "हाच तो."

बाईसाहेबांनी गडी पाठवून पंचांना बोलावलं. पंच जेवण सोडून आले. गणूने दावं आणलं होतं. सटवाने झटापट केली नाही. तो सारखा माझ्या डोळ्यांत बघत होता, विहिरीत पडलेलं काही शोधावं तसा.

"धुरपे, बोल," तो म्हणाला. "एक शब्द बोल."

मला त्याच्यासाठी पुष्कळ शब्द होते. त्याने लावलेलं दार, गोजीचा "ग", त्याच्या अधू पायाला मी चोळायचे ते तेल. मी ते सगळे तोंडापर्यंत आणले.

"नीट बांधा," मी म्हणालो. "पाय अधू आहे, पण पळतो."

उतारावर पाणी गुडघाभर होतं. त्याला मधोमध उभं केलं. बंदूक माझ्या हातात आली आणि हैबतरावाला नेम धरता येत होता.

बार झाला. धूर विरल्यावर नदी तशीच वाहत राहिली. एका पंचाने विचारलं, आता या माणसाच्या घराला माणूस द्यावं लागेल का? गणूने थोडा विचार केला. दावणीच्या घरांना तो कायदा लागू नाही, असं तो म्हणाला, आणि सगळ्यांना ते पटलं.

आम्ही परत आलो. गोजी ओसरीखाली जिथे ठेवली होती तिथेच उभी होती. तिने मला येताना पाहिलं. रडली नाही. दोन पावलं मागे सरली, कमरेत वाकली आणि मला मुजरा केला. हात तीनदा कपाळाला नेला, नजर जमिनीवर, अगदी बिनचूक. तिला तो कुणीच शिकवला नव्हता.

"पोर चलाख आहे," बाईसाहेब म्हणाल्या. "ठेवून घ्यायची का, हैबत?"

गोजीने मान वर न करता वाट पाहिली. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं.