सीटखालचं बटण

फकिराची जीप गंगापूर रस्त्यावर आधी ऐकू यायची आणि मग दिसायची. मागच्या सीटखाली त्याने सबवूफरची पेटी बसवून घेतली होती, आणि तिचा ठोका प्रवाशांच्या पोटात घुमायचा. लोक कुरकुरायचे आणि तरी त्याच जीपमध्ये बसायचे, कारण फकिरा वेळेचा पक्का होता आणि शब्दाचाही. खोटं त्याला खपत नसे. सख्ख्या भावाने एकदा बैल विकताना बारीकशी थाप मारली, तर फकिराने त्याच्याशी बोलणंच टाकलं. भावाने हातापाया पडून पाहिलं, पण हा बधला नाही.

अशा माणसाला त्याची बायको चतुराबाई कित्येक वर्षं फसवत आली होती, आणि आज ते उघडं पडणार होतं.

त्याचं असं झालं होतं. आठवडी बाजाराच्या दिवशी ती भाजीच्या पाट्या घेऊन नवऱ्याशेजारी पुढे बसायची आणि शहरातल्या छावणी भागात यायची. ठोका सुरू झाला की तिचं डोकं उठायचं. "जरा बारीक करा" म्हटलं, की फकिराचं तोंड एवढंसं व्हायचं आणि ते तिला डोकेदुखीपेक्षाही बघवत नसे. शेवटी तिने इलियासला गाठलं. छावणीत त्याचं गाड्यांच्या टेपचं दुकान, आणि जीपची सगळी वायरिंग त्याच्याच हातची. त्याने हसत हसत पेटीच्या तारेत एक रिले टाकला आणि तिच्या सीटखाली एक छोटं बटण बसवून दिलं.

"भाभी, ये रिले म्हणजे तुमच्या पाटाचं पाणी सोडणारा पाटकरी समजा," तो म्हणाला होता. "टेपकडून बारीक इशारा आला की हा दार उघडतो, मग पेटी वाजते. तुम्ही बटण दाबलं की पाटकरी झोपला. गाणं चालू, ठोका बंद."

तेव्हापासून पिशवी सारायच्या निमित्ताने ती वाकायची, बटण दाबायची, आणि पेटी गप्प व्हायची. फकिरा इलियासच्या नावाने खडे फोडायचा. "पुन्हा ढिलं पडलं बघ कनेक्शन! काय माणूस हाय!" ती "व्हय, रस्ताच लई खराब" म्हणून खिडकीबाहेर बघायची. मग छावणी जवळ आली की तिलाच दया यायची आणि ती पुन्हा पिशवी सारायची.

पण आता फकिराच्या डोक्यात मोठ्या पेटीचं खूळ शिरलं होतं. दुकानासमोर जीप लावून तो स्टुलावर बसला. "जुनी एक तार ठेवायची नाय, इलियास. सगळं उपट, माझ्या डोळ्यांदेखत."

चतुराबाई ताडपत्रीच्या सावलीत उभी राहिली. मुलगी सायली सासरी गेल्यापासून घरात दोघंच उरली होती. भावाशी टाकलं तसं आपल्याशी बोलणं टाकलं, तर त्या घरात राहायचं कसं? इलियासलाही घाम फुटला होता. मागचंच काम तो इतकं सावकाश करत राहिला, की कुणालाही वाटावं हा आजच काम शिकतोय.

तेवढ्यात मागच्या गल्लीतल्या सुताराची हाक आली. नवी पेटी तयार होती. फकिरा उठून तिकडे गेला आणि इलियासने झटकन पुढच्या सीटचे बोल्ट काढले. सीट उचलली, आत डोकं घातलं आणि तसाच थांबला.

"भाभी, इधर आओ जरा."

"काय झालं? निघंना का?"

"निघायचं काय घेऊन बसलात! हे बटण तर कशालाच जोडलेलं नाय."

त्याने दाखवलं. बटणाची तार मध्येच कापलेली होती. रिले नुसता लोंबत होता. टेपकडून येणारी तार आणि पेटीकडे जाणारी तार एकमेकींना सरळ जोडून टाकलेल्या. "पाटकऱ्याला कुणीतरी घरी धाडलंय. मी नाय केलं हे."

"येड लागलं का तुम्हाला? आज येताना दाबलं मी. बंद झाला की ठोका!"

"त्याला मी काय बोलू? ही तार कापून जमाना झाला. धूळ बघा."

जोडावर काळी चिकटपट्टी होती, आणि गाडी हादरली तरी तार वाजू नये म्हणून वरून कापडाची चिंधी घट्ट बांधलेली. चतुराबाईने अंगठ्याने धूळ पुसली. हिरव्या कापडाला हळदी काठ. ते तिचं लुगडं होतं. सायली पहिल्या बाळंतपणाला आली, तेव्हा तिने ते दुपट्यांसाठी फाडलं होतं आणि उरलेल्या चिंध्या फकिराने गाडीला म्हणून नेल्या होत्या. ते बाळ आता सायकलवरून शाळेत जात होतं.

"इलियासभाई, पेटीचा आवाज कमी करायचं बटण कुठं असतं?"

"स्टेअरिंगच्या उजवीकडं, खाली. फकिराभाऊनंच मागाहून लावून घेतलं. बोलला, गुडघ्याजवळ पायजे, कुणाला दिसाया नको." बोलता बोलता इलियासचं तोंड उघडंच राहिलं. "अरे! मग इतकी वर्षं मला शिव्या कशापायी?"

चतुराबाईला आधी लाज वाटली, मग राग आला, आणि राग येता येताच डोळे भरून आले. ती वाकायची तेव्हा तो बघत होता. दर वेळी.

"नवं बटण लावू का?" इलियासने हळूच विचारलं.

"नको. हे बी काढून टाका."

फकिरा खांद्यावर पेटी घेऊन आला. उचललेली सीट बघून तो क्षणभर थबकला. मग पेटीवरचा भुसा झटकत, कुणाकडेही न बघता म्हणाला, "उंदीर लई झालेत गाडीत." इलियास पाना शोधायला आत पळाला.

परत जाताना जीप रिकामीच होती. शहर मागे पडलं आणि नवी पेटी घुमू लागली. खिडकीच्या काचा थरथरत होत्या. चतुराबाईने पिशवी सारली, वाकली, आणि सीटखालच्या मोकळ्या पत्र्यावर बोट दाबलं.

ठोका थांबला.

"हा इलियास!" फकिराने सुरुवात केली. "नवं बसवलं तरी ढिलं ते ढिलंच—"

"खोटं खपत नाय ना तुम्हाला?"

ती त्याच्या उजव्या हाताकडे बघत होती. फकिराने हात वर घेऊन स्टेअरिंगवर ठेवला.

"खपत नाय," तो म्हणाला. "सापडलं तवा रागानं कापलं मी ते. पण वाकून वर आलीस की लई खूश दिसायचीस तू."

चतुराबाईने पदराने डोळे पुसले. भाऊजींशी पुन्हा बोलायचा विषय आजच काढावा असं तिच्या ओठांवर आलं होतं, पण तो तिने पुढच्या बाजारासाठी ठेवला.

"फिरवा ते परत," ती म्हणाली.

"डोकं दुखंल तुझं."

"दुखू द्या. आज वाजू द्या."

फकिराने हात खाली नेला आणि बटण फिरवलं, पण अर्ध्यावरच ठेवलं.